नापसंत गठ्ठा

९ जानेवारी

गाढव शाळेत जात नाही — म्हणून पुस्तक नापसंत!

चित्रांचं पुस्तक. लहान मुलांचं. गाढव सकाळी दप्तर घेऊन निघतं आणि वाटेत नदी बघत बसतं, एवढीच गोष्ट. शेवटच्या चित्रात काठावरचं गाढव आणि पाण्यातलं गाढव एकमेकांकडे बघून हसतायत. ते बघून मी बालविभागात एकटाच मोठ्याने हसलो होतो. आणि लाल पेन म्हणतात, "हे गाढव शाळा बुडवतं. शिक्षा होत नाही. यातून मुलांनी घ्यायचं काय?" घ्यायचं काय म्हणजे? पुस्तक आहे की वाणसामान?

लाल पेन म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. शाळेतून निवृत्त झाले, पेनातून नाही. गोष्टीच्या पुस्तकातसुद्धा समासात खुणा करून परत देतात. डॉक्टरीणबाई फक्त अक्षराचा आकार बघतात. गाढवाचं अक्षर मोठं होतं, त्यांचा हात वर. अध्यक्ष आधी कुणाची बाजू जड होतेय ते बघतात, मग आपला हात तिकडे नेतात. त्यांना पुस्तक उघडताना मी कधी पाहिलेलं नाही. पुस्तकावर चहाचा कप ठेवताना पाहिलंय.

आणि चौथी ती. तिने हात वर केला नाही.

तिने!

१० जानेवारी

राग उतरलेला नाही. नीट लिहून काढतो, म्हणजे पुढे कधी वही उघडली तर कळेल तरी कशावर एवढा पेटलो होतो.

ही वाचनालयाची निवड समिती. लहान मुलांची आणि तेरा-चौदा वर्षांच्या पोरापोरींची पुस्तकं शाळांना सुचवायची, हे तिचं काम. प्रकाशक नमुना प्रती पाठवतात. सगळ्यांत आधी वाचतो मी — बालविभागातला हंगामी मदतनीस, कॉलेज अर्धवट. वाचून चार ओळींचं टिपण लिहितो. टिपण कुणी वाचत नाही. मग पुस्तक सभासदांच्या घरी फिरून येतं आणि महिन्याच्या बैठकीत हात वर होतात. पसंत झालं की यादीत, आणि यादीतलं पुस्तक प्रत्येक शाळेने घ्यायचंच. म्हणजे किती पोरं! नापसंत झालं की सगळ्या प्रती गठ्ठ्यात. गठ्ठा मी बांधतो, शिक्के मी मारतो. काल शिक्का असा आपटला की अध्यक्षांचा चहा सांडला. गाढवावर नाही सांडला, नशीब.

ती मुलींच्या शाळेत ग्रंथपाल आहे, शाळांच्या वतीने समितीवर येते. माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी असेल. पुस्तक हातात घेतलं की आधी पाठीवरून बोट फिरवते, मग उघडते. ते बोट बघितलं आणि मी संपलो. मागच्या पावणेतीन वर्षांत मी जे काही शहाणपणाचं केलं असेल ते बैठकीच्या आदल्या दिवशी दाढी करणं.

आज दुपारी ती नापसंत गठ्ठा न्यायला आली. "तुमची जागा अडते. माझ्याकडे रद्दीवाला येतोच." दर महिन्याला नेते. दर महिन्याला तो मीच उचलून रिक्षात ठेवून देतो — तिच्याबरोबर जिना उतरायला मिळतो म्हणून! आधी पुस्तकं मारायची, मग रद्दीत घालायची, आणि मी मूर्ख त्याला खांदा देतोय.

आज उचलला नाही. म्हणालो, पाठ दुखते.

"एवढ्यात? बरं." स्वतःच घेऊन गेली. केस तोंडावर आले होते आणि हात गुंतलेले, मागे सारता येत नव्हते.

उचलायला हवा होता.

११ जानेवारी

नाही. बरं केलं, उचलला नाही.

१९ जानेवारी

आज जेवलो नाही. पार्सल फोडलं, वरचंच पुस्तक हातात घेतलं आणि बाकी दिवस गेला. दोन मुली खेळांच्या पुस्तकांवरून भांडत होत्या, भांडू दिलं.

मुखपृष्ठ काही खास नाही. तपकिरी, बुटांची जोडी. गोष्ट तेरा वर्षांच्या मुलीची. मोठा भाऊ वडिलांशी भांडून घर सोडून गेलाय. घरात कुणी त्याचं नाव काढत नाही, पण त्याचे बूट दाराशी तसेच आहेत. ही दर रविवारी त्यांना पॉलिश करते. आई बघते, बोलत नाही. मग एक दिवस वडील ते बूट कचऱ्यात टाकतात — आणि ही बोलते. पानंच्या पानं बोलते! श्वास घेत नाही! तेराव्या वर्षी माझ्या घशात जे जे अडकलं होतं ते सगळं हिच्या तोंडून बाहेर. आणि नंतर माफी मागत नाही. शेवटपर्यंत नाही. शेवटी वडीलच अंधारात उकिरड्यावर जाऊन शोधतात. एकच बूट मिळतो. तो आणून दाराशी ठेवतात. संपलं.

मला त्या वयात काय दिलं होतं? शहाण्या मुलांच्या गोष्टी. प्रत्येक गोष्टीत शेवटी मुलगा रडतो, चूक कबूल करतो, आई डोक्यावरून हात फिरवते. मला वाटायचं माझ्यातच काही बिघाड आहे. जगात राग येणारा मी एकटाच. नंतर कॉलेजात सर म्हणाले, "पुस्तकं कसली वाचतोस, गाइड वाच, पास होशील." उठलो, निघालो, परत गेलो नाही. कुणी विचारलं तर सांगता येत नाही का गेलो नाही. या मुलीला सांगता आलं असतं.

हे पुस्तक प्रत्येक शाळेत गेलंच पाहिजे. फेब्रुवारीची बैठक या वर्षाच्या यादीची शेवटची, पुढची एकदम एप्रिलमध्ये. तिथे राहिलं तर राहिलंच.

२० जानेवारी

टिपण चार ओळींचं लिहायचं असतं. दोन पानं झाली. फाडून परत लिहिलं, अडीच झाली.

एक प्रत तिच्या शाळेत जाऊन तिच्याच हातात दिली. फाटकापाशीच. "हे आधी वाचा," म्हटलं. "बाकी सगळं ठेवा बाजूला."

"हुकूम?" म्हणाली.

"विनंती."

"तुझी विनंती अशी असते तर हुकूम कसा असेल रे?" आणि पाठीवरून बोट फिरवलं. पुस्तकाच्या.

रात्री जेवताना वहिनी म्हणाली, "भाऊजी, आज भाजीत मीठ दुप्पट पडलंय. तुम्ही निमूट खाल्लीत. कोण आहे ती?"

दादा म्हणाला, "पुस्तकातली असेल. खरी असती तर आधी पगार विचारला असता."

ताटावरून उठलो. दादा मागून — "बघ, बघ, गाढव निघालं नदी बघायला!" ती गोष्ट याला मी कशाला सांगितली!

२९ जानेवारी

निरोप नाही. डॉक्टरीणबाईंनी प्रत परत पाठवली, आत चिठ्ठी — "अक्षर उत्तम." वाचलंय की नुसतं मोजलंय देव जाणे.

३ फेब्रुवारी

वाचनालयाच्या जिन्यात गाठलं तिला.

"वाचलंत?"

"दोनदा."

दोनदा!! "मग बैठकीत —?"

"बैठकीत बघू," म्हणाली. पण हसली. ते हसू काही 'बघू'चं नव्हतं. घरी लांबच्या रस्त्याने गेलो. वाटेत एका माणसाने सायकल अंगावर घातली, त्याला मीच "सॉरी" म्हणालो. मी!

११ फेब्रुवारी

बैठकीतून आत्ताच आलो, अक्षराकडे बघू नये.

लाल पेन सुरू झाले. "मुलगी बापाला उलट बोलते. ठीक आहे, वय असतं. पण माफी? मी माफी शोधली. शेवटच्या पानापर्यंत शोधली. नाही!" डॉक्टरीणबाईंचा हात वर. एकास एक. अध्यक्ष तिच्याकडे बघायला लागले. मी भिंतीशी स्टुलावर बसलो होतो — मदतनिसाने बैठकीत बसायचं, बोलायचं नाही — आणि मला हसू आवरत नव्हतं. आता ती बोलणार, आता यांची तोंडं बघायची!

तिने पेनाचं टोपण लावलं. म्हणाली, "मला वाटतं, शाळांसाठी नको."

स्टूल पडलं ते मला नंतर कळलं.

"खोटं! दोनदा वाचलंय तुम्ही! मला स्वतः सांगितलंत! आणि सर, माफी कसली? बूट कुणी फेकले? ज्याने फेकले त्याने मागायची! तुम्हाला मुलं नकोच आहेत, रांगेत उभे राहणारे ठोकळे हवेत! — आणि तुम्ही! ते तरी न कळून मारतात. तुम्ही कळून मारता! दर महिन्याला बघतोय मी. जे जे चांगलं त्याला तुमचा हात खाली, आणि वर गठ्ठा बांधून रद्दीत घालायला तुम्हीच पुढे!"

मग लाल पेन — "हा कोण?"

अध्यक्ष — "आपलाच आहे."

मग तिला म्हणाले, "बाई, हा काय म्हणतोय? दोनदा वाचलंत? चांगली पुस्तकं पाडता? काय आहे हे?"

तिचा चेहरा पांढरा पडला होता. माझ्याकडे बघितलं. खूप वेळ. मला वाटलं आता म्हणेल, हा मुलगा काहीही बरळतोय. म्हणाली, "त्याचं बरोबर आहे. पुस्तक चांगलं आहे. माझं मत बदलते." आणि हात वर केला.

दोन हात. लगेच अध्यक्षांचा तिसरा. पसंत! लाल पेन म्हणाले माझा विरोध नोंदवा. अध्यक्ष म्हणाले, "आणि पुढच्या वेळेपासून या पोराचं टिपण सुरुवातीलाच वाचून घेत जा. निदान ओरडणार तरी नाही."

जिंकलो. जिंकलो मी!

निघताना तिने आपली प्रत टेबलावर ठेवली. मध्यावर वहीच्या कागदाची पट्टी होती, ती काढून पर्समध्ये टाकली. माझ्याकडे न बघता गेली. दोनदा वाचलेल्या पुस्तकात अर्ध्यावर खूण कशाला? वाचलंच नसेल. दोनदा म्हणे!

नियमाप्रमाणे नमुना प्रती कार्यालयात जमा केल्या, कुलूपबंद.

१२ फेब्रुवारी

दादाला सांगितलं. म्हणाला, "समितीत ओरडलास? आणि हाकललं नाही? विचित्र माणसं आहेत."

वहिनी म्हणाली, "आणि ती?"

कोण ती? मला कुणी ती नाही.

१ मार्च

तीन वेळा तिच्या शाळेवरून गेलो. रस्ताच तिकडून आहे.

(रस्ता तिकडून नाही.)

२४ मार्च

यादीची पुस्तकं आली. नंबर घालून शाळाशाळांत पोचवायची. एरवी कार्यालयाच्या दारात गठ्ठा टाकतो, सही घेतो, पुढे. आज मुलींच्या शाळेत मुद्दाम आत गेलो. म्हटलं, तिने बघावं. बुटांचं पुस्तक सगळ्यांत वर ठेवलं होतं.

तिने बघितलं. नंबर पडताळले. मग शिक्षकांच्या खोलीत काचेची कपाटं आहेत, शिपायाने त्यातलं एक उघडलं, पुस्तकं लावली, कुलूप घातलं, किल्ली घेऊन गेला.

"किल्ली कुठे नेली?"

"मुख्याध्यापिकांकडे."

"मग मुली पुस्तकं कधी घेतात?"

"घेत नाहीत," म्हणाली. "यादीतल्या पुस्तकाला नंबर असतो. वर्षाअखेर तपासणीला प्रत्येक नंबर जागेवर लागतो, तोही कोरा. गेल्या वर्षी एका पुस्तकात पान दुमडलेलं निघालं तर आठवडाभर जबाब लिहिले. तेव्हापासून कपाट तपासणीलाच उघडतं."

मला वाटलं चेष्टा करतेय. काचेतून बघितलं. माझीच टिपणं असलेली पुस्तकं! मागच्या वर्षीची, त्याच्या मागच्या वर्षीची. प्लास्टिकच्या वेष्टनात, सराफाच्या दुकानातल्या हारांसारखी. एकही सुरकुती नाही.

"सगळ्याच शाळांत असं?"

"पुस्तकं तूच पोचवतोस ना? आत जाऊन कधी बघितलं नाहीस?"

नाही बघितलं. सही घेतली, पुढे.

मग म्हणाली, "ये." जिन्याखाली एक खोली आहे, मोडक्या बाकांची. दार ढकललं. जमिनीवर, बाकांवर, खिडकीत — मुली. मधली सुट्टी आणि आवाज नाही. प्रत्येकीच्या हातात पुस्तक, पाठी उसवलेल्या, कोपरे खाल्लेले, कुणी पोटावर उघडं टाकून छताकडे बघतेय. दाराशी सगळ्यांत लहान एक होती, तिच्या मांडीवर गाढव! मुखपृष्ठ गेलेलं. पहिल्या पानावर माझा शिक्का, लाल, वाकडा — नापसंत.

"नापसंतला नंबर नसतो," ती हळू आवाजात म्हणाली. "नंबर नाही म्हणजे ते पुस्तक नाहीच. हरवलं, फाटलं, कुणी घरी नेऊन विसरली — कोण विचारणार? तीन महिने इथे, मग गठ्ठा पुढच्या शाळेत. आम्ही ग्रंथपालांनी ठरवून घेतलंय."

"म्हणजे तुम्ही मुद्दाम —"

"जे मुलींच्या हातात पडायला हवं, त्याला मी हात वर करत नाही."

तेवढ्यात खिडकीतून एक उतरली, दोन वेण्या, तेराएक वर्षांची. "बाई, हेच का ते ओरडणारे?"

"हेच."

"तुमच्यामुळे माझं पुस्तक गेलं," मला म्हणाली. "बाईंनी त्यांची प्रत दिली होती वाचायला. नापसंत झालं की परत देते म्हणाल्या होत्या. वडील बूट टाकतात तिथपर्यंत आले होते मी. पट्टी घालून ठेवली होती."

कागदाची पट्टी. हिची.

"ती माफी मागते का शेवटी?"

"नाही."

"बरं झालं," म्हणाली. मग, "पुढे काय होतं?"

प्रत कुलुपात, नमुना कुलुपात. मी मोडक्या बाकावर बसलो आणि पुढचं सांगितलं. सगळं. ती मुलगी बोलते ते तिच्यासारखंच बोललो, श्वास न घेता, इतक्या जोरात की शिपाई डोकावून गेला. बाकीच्यांनीही पुस्तकं खाली ठेवली. एक बूट दाराशी आला तेव्हा दोन वेण्या नाक पुसत खिडकीत जाऊन बसली. ती दारात उभी होती, हाताची घडी घालून. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं विसरलो असतो.

फाटकापाशी मी पुन्हा चिडलो. "मला सांगितलं का नाही?"

"तुला? तू गच्चीवर चढून गावाला सांगितलं असतंस."

"आणि जिने ते लिहिलं तिचं काय? तिला वाटणार, कुणालाच आवडलं नाही!"

ती थांबली. "त्याचं उत्तर माझ्याकडे नाही," म्हणाली. "खरंच नाही. रोज शोधते."

२५ मार्च

काच फोडावीशी वाटते. तपासणी करणाऱ्यांना त्या कपाटात बसवून बाहेरून कुलूप लावावंसं वाटतं. कोरं पान हवंय यांना! न वाचलेल्या पुस्तकाला चांगलं ठेवलेलं पुस्तक म्हणतात! आणि मी त्यासाठी घसा फोडला. आवडतं पुस्तक स्वतःच्या हाताने तुरुंगात टाकलं आणि वर नाचलो.

तिने हात का वर केला ते आज लक्षात आलं. खरं सांगितलं असतं तर गठ्ठा कायमचा बंद. मी खोटं बोलतोय म्हणाली असती तर मी दुसऱ्या दिवशी घरी. दोन्ही वाचवायचं तर एकच वाट होती, त्या मुलीचं पुस्तक देऊन टाकायचं. तेवढ्या वेळात एवढं सगळं तिच्या डोक्यात आलं. मला एवढ्या वेळात फक्त स्टूल पाडता येतं.

वहिनी खोलीत ताट ठेवून गेली. "ती नाही ना कुणी? मग तिच्यासाठी उपाशी कशाला राहता?"

८ एप्रिल

बैठक. एकच पुस्तक होतं. वर्गातली पोरं मुख्याध्यापकांवर खटला भरतात. हसून पोट दुखलं होतं, शेवटी रडलो होतो. या नोकरीत इतकं चांगलं काही वाचलेलं नाही.

अध्यक्ष म्हणाले, वाच टिपण. उभा राहिलो. वाचलं — "मुलं उद्धट. विनोद हलका. शेवट पटत नाही. शाळांना सुचवू नये."

लाल पेन उठून हात मिळवायला आले. तिने वर बघितलं नाही. अक्षर बारीक, म्हणून डॉक्टरीणबाईंचाही हात खाली. एकमताने नापसंत.

आता लेखकाला नकार कळवायचा आहे. तेही मलाच.